वळणावरचे पाणी : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

चिकपेट आणि तिच्या आसपासच्या पेठांतील कापडाची, रेशमाची, भांड्यांची दुकाने आणि त्यांच्या पाठीमागील दाट वस्ती शेकडो वर्षे तळ्यांच्या पाण्यावर जगली. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून येथे वसलेली मराठी कुटुंबेही त्याच पाण्यावर वाढली. आज जेथे केंपेगौडा बसस्थानक आहे, तेथे धर्मांबुधी नावाचे तळे होते. पुढे वस्ती वाढली, तळी अपुरी पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याचे पाणी नळाने शहरात आले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेही पुरेनासे झाले, तेव्हा अर्कावती आणि कुमुदवती या नद्यांच्या संगमाजवळ तिप्पगोंडनहळ्ळी येथे नवा जलाशय बांधून तेथून शहराला पाणी द्यावे, असे ठरले. हा विचार ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १९३३ मध्ये ते पाणी बंगळूरला मिळू लागले.

विश्वेश्वरय्यांचे नाव घेतले की कृष्णराजसागराचा प्रचंड बांध डोळ्यांपुढे उभा राहतो. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा आरंभ धरणापासून झाला नाही. तो झाला खानदेशातील पांझरा नदीच्या पात्रात पुरलेल्या एका वाकड्या नळापासून. सरळ नळातून पाणी नेणे तुलनेने सोपे. खरी परीक्षा वळणावर होते. विश्वेश्वरय्यांच्या आयुष्यातील चोवीस वर्षे तत्कालीन मुंबई इलाख्यात गेली आणि त्यांतील फार मोठा भाग मराठी मुलखात व्यतीत झाला. म्हैसूरच्या या सुपुत्रावर मराठी माणसाचाही हक्क पोहोचतो, तो या नात्याने.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातील गाव. घरची भाषा तेलुगू. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता. त्यातच लहान वयात पितृछत्र हरपले. प्राथमिक शिक्षण चिक्कबळ्ळापुरात झाल्यावर हा मुलगा बंगळूरला मामांच्या आश्रयाने आला. सेंट्रल कॉलेजात शिकताना एका सुखवस्तू कोडगू कुटुंबातील मुलांची शिकवणी करून त्याने आपला खर्च भागवला. १८८१ मध्ये तो बी. ए. झाला. त्या काळी एवढ्या शिक्षणावर एखाद्या कचेरीत चांगली नोकरी मिळून गेली असती. परंतु गणितात उत्तम गती असलेल्या या तरुणाला म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि तो अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्यास आला.

पुण्याचे सायन्स कॉलेज, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली संस्था, त्या काळी सबंध मुंबई इलाख्याला इंजिनिअर पुरवीत असे. १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या तेथील अंतिम परीक्षेत पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. पहिल्या क्रमांकामुळे त्यांना इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळाली. १८८४ च्या आरंभी ते नाशिकला रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांची रवानगी खानदेशात झाली. वय अवघे बावीस. मुलूख परका आणि भाषा नवी.

खानदेशात त्यांच्याकडे जे काम आले ते दिसायला लहान, पण करायला अवघड होते. पांझरा नदीच्या पात्रातून नळाचा सायफन टाकायचा होता. कालव्याच्या वाटेत नदी आडवी आली की इंजिनिअरपुढे दोन मार्ग असतात. एक तर खांब उभारून नदीवरून जलसेतू न्यायचा, किंवा पाणी नळात घालून नदीच्या पात्राखालून पलीकडे काढायचे. दुसऱ्या मार्गात पाणी एका काठाने खाली उतरते, पात्राखालून आडवे जाते आणि दुसऱ्या काठाने वर चढते. वर चढवायला पंप लागत नाही. अलीकडच्या काठावरील पाण्याची पातळी पलीकडच्या पातळीपेक्षा थोडी उंच असली की पुरते. पाणी आपली पातळी गाठायला स्वतःच धावते. मात्र ही थोडी उंची नेमकी किती ठेवायची, यातच सगळे शास्त्र आहे. नळाच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात पाण्याचा काही जोर खर्च होतो, आणि प्रत्येक वळणावर आणखी काही. हिशेब चुकला तर पलीकडच्या शेतकऱ्याच्या पाटात पाणी पडत नाही.

काम ऐन पावसाळ्यात आले होते. पायासाठी खणलेला चर पुराच्या एका लोंढ्याने वाळूने भरून जाई. या स्थितीत काम रेटणे म्हणजे सरकारी पैसा वाळूत घालवणे आहे, म्हणून पाऊस ओसरेपर्यंत ते थांबवावे, असे तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लिहून कळवले. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला ते रुचले नाही. नव्या अधिकाऱ्याने सबबी सांगू नयेत, असा त्या नाराजीचा रोख होता. नोकरीचा आरंभच असा झालेला. वरिष्ठांचा प्रतिकूल शेरा पडला असता तर पुढची वाट कायमची अडली असती. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढवला नाही. त्यांनी पाण्याच्या चढउताराकडे लक्ष ठेवून काम पुन्हा हाती घेतले आणि नेटाने तडीस नेले. ज्या वरिष्ठांची खप्पा मर्जी झाली होती, त्यांनीच पुढे त्यांची वाखाणणी केली. कामातील अडचण स्पष्टपणे मांडणे आणि ती मांडूनही काम सोडून न देणे, हे दोन्ही गुण या पहिल्या प्रसंगात दिसतात. पुढील आयुष्यात ते वारंवार दिसणार होते.

वाकड्या नळात पाण्याचे नेमके काय होते, हे थोडे समजून घेतले तर या कामाची किंमत कळते. सरळ नळात मधले पाणी सर्वांत वेगाने धावते आणि भिंतीलगतचे घर्षणामुळे मागे रेंगाळते. नळ वळला की मधले वेगवान पाणी सरळच जाऊ पाहते आणि वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळते. धावत्या बसने वळण घेतले की आतला माणूस बाहेरच्या बाजूला कलंडतो, तसाच हा प्रकार. बाहेरच्या बाजूला दाटलेले पाणी मग नळाच्या वरच्या आणि खालच्या भिंतींना चिकटून आतल्या बाजूकडे परतते. अशा रीतीने पुढे जाणाऱ्या प्रवाहाच्या पोटातच दोन उलटसुलट पिळे तयार होतात. इंग्लंडमधील गणिती डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२७ मध्ये या पिळांचे गणित मांडले. म्हणून आज ते डीन यांच्या नावाने ओळखले जातात. पांझरेचा सायफन त्याच्या चार दशके आधीचा. त्या वेळच्या इंजिनिअरजवळ हे गणित नव्हते. प्रयोगांवरून काढलेली कोष्टके आणि स्वतःची नजर, एवढ्यावरच त्याला भागवावे लागे.

या पिळांमुळे वळणावर पाण्याचा जोर अधिक खर्ची पडतो. शिवाय खोलगट भागात पाण्याचा वेग मंदावला की तेथे वाळू आणि गाळ बसतो, आणि उंचवट्यावर हवेचा बुडबुडा अडकून राहतो. हवा डोळ्यांना दिसत नाही, पण नळाच्या माथ्यावर साठली की पाण्याची वाट बुचासारखी अडवून धरते. म्हणूनच लांब जलवाहिनीच्या प्रत्येक उंचवट्यावर हवा सोडणारी झडप आणि प्रत्येक खोलगट जागी गाळ सोडणारी झडप बसवतात. वळणावर नळाला धक्काही बसतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या नळात ३० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर काटकोनातल्या वळणाला सुमारे तीन टन बळाने बाहेर ढकलले जाते. सांधा निखळू नये म्हणून तेथे काँक्रीटचा भक्कम ठोकळा घालावा लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. घरातला नळ सोडला की पाणी येते, एवढेच त्याला ठाऊक असते.

पांझरेनंतर विश्वेश्वरय्यांच्या वाट्याला पाण्याचीच कामे येत गेली. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे. सिंधू नदीच्या काठचे सक्कर हे गाव पाण्याच्या शेजारी असूनही शुद्ध पाण्याला वंचित होते. नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी मोठाली कुंडे बांधायला नगरपालिकेजवळ पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वाळूलाच गाळणी केले. काठालगत विहीर खणून वाळूतून झिरपत आलेले स्वच्छ पाणी त्यांनी तिच्यात घेतले, ते पंपाने टेकडीवरील टाकीत चढवले आणि तेथून उताराने गावात सोडले. १८९५ मध्ये ही योजना पुरी झाली. पुढच्या वर्षी सुरतेच्या पाणीपुरवठ्याचे काम करून ते पुण्यास आले. विद्यार्थीदशेत पाहिलेले हे शहर आता त्यांची कर्मभूमी झाले. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या थोरांचा सहवास त्यांना तेथे लाभला.

पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण होते. त्याच्या जलाशयाला तेव्हा लेक फाईफ म्हणत. पावसाळ्यात तो भरून सांडव्यावरून वाहू लागे आणि ते पाणी मुठेतून निघून जाई. उन्हाळ्यात मात्र पुणे शहराला आणि कालव्यावरील बागायतीला पाणी कमी पडे. धरणाची भिंत उंच करण्याचा खर्च मोठा होता. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर दरवाजे बसवण्याची योजना आखली. हे दरवाजे उघडायला माणूस लागत नसे. जलाशयाचे पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की त्याच पाण्याच्या योगाने वजनांचा तोल बदले आणि दरवाजे वर उचलले जात. पूर ओसरला की ते आपोआप खाली बसत. रात्रीबेरात्री पूर आला आणि पहारेकरी झोपी गेला, तरी धरणाला धोका नव्हता. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले आणि जलाशयातील साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही असेच दरवाजे आले. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावावर होते. परंतु सरकारी चाकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन सरकारकडून घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही; ते त्यांनी नाकारले.

साठा वाढला तरी तो सर्वांना मिळतोच असे नाही. दख्खनच्या कालव्यांवर तोच अनुभव येत होता. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेले बागायतदार ऊस लावून मनमुराद पाणी घेत. त्यांच्या जमिनी चिबड होत आणि पाटाच्या शेवटाला असलेल्या शेतकऱ्याची ज्वारी करपून जाई. विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याखालील जमिनीचे गट पाडावेत, गटातील ठरावीक भागातच ऊस व्हावा, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके घ्यावीत आणि दर तीन वर्षांनी पिकांची जागा फिरती ठेवावी, असे तिचे स्वरूप होते. पाण्याचा करार दीर्घ मुदतीचा आणि पाळी ठरलेली. म्हणजे पाटकऱ्याच्या मर्जीवर काही उरू नये. मोठ्या बागायतदारांनी प्रथम विरोध केला, वर्तमानपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांशी बोलून, आकडे मांडून योजना समजावून दिली. १९०१ मध्ये नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने तिची दखल घेतली आणि पुढे ती कालव्यांवर रुजली.

येथे एका गोष्टीची आठवण ठेवण्यासारखी आहे. ज्या पांझरेच्या काठी विश्वेश्वरय्यांच्या नोकरीचा श्रीगणेशा झाला, त्याच पांझरेवर आणि मोसम, आरम या शेजारच्या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके नांदत होती. गावकरी बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडीत, एका फडात एकच पीक घेत आणि पाण्याची पाळी आपसांत ठरवीत. ब्लॉक पद्धत सरकारी कालव्यांसाठी होती, फड पद्धत गावाने गावासाठी राखलेली होती. दोन्हींतला न्याय मात्र एकच. जो पाटाच्या तोंडाशी आहे त्याचे पोट आधी भरते. म्हणून नियम करायचा तो शेवटाला असलेल्याचा विचार करून.

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. बेळगाव, धारवाड, विजापूर, कोल्हापूर अशा कितीतरी गावांच्या पाणीपुरवठ्याच्या आणि सांडपाण्याच्या योजनांशी त्यांचा संबंध आला. १९०६ मध्ये एडनसारख्या रुक्ष लष्करी ठाण्याच्या पाण्याचा प्रश्न सोडवण्यासाठी त्यांना तेथे धाडण्यात आले. खात्यात त्यांच्या योग्यतेविषयी दुमत नव्हते. परंतु चीफ इंजिनिअरचे पद त्या काळी भारतीय माणसाच्या हाती पडण्यासारखे नव्हते. हे ओळखून १९०८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती पत्करली.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडवली. हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. शहराभोवती भिंती उभारून नदी अडवण्याऐवजी तिचे पाणी शहराच्या वरच्या अंगालाच धरून ठेवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले. पुरापासून रक्षण करणाऱ्या या जलाशयांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले.

१९०९ च्या अखेरीस म्हैसूरच्या महाराजांच्या बोलावण्यावरून ते संस्थानचे चीफ इंजिनिअर झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे धरण बांधण्याची त्यांची योजना खर्चामुळे बराच काळ अडून राहिली. पण नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९११ मध्ये तिला संमती दिली. शेजारच्या मद्रास सरकारने मात्र धरण पूर्ण उंचीचे होऊ देण्यास हरकत घेतली आणि प्रथम ८० फुटांपुरतीच परवानगी दिली. विश्वेश्वरय्यांनी पाया तेवढ्यापुरता न घालता पूर्ण उंचीला पुरेल असाच घातला. तंटा विरोधात गेला असता तर त्या वाढीव पायाचा खर्च अंगावर येणार होता, आणि बोल त्यांनाच लागणार होता. दोन्ही राज्यांतील करार १९२४ मध्ये झाला. धरण पुरे झाले तेव्हा त्यात १२४ फुटांपर्यंत पाणी साठू लागले. पायात केलेली ती दूरदृष्टी नसती तर हे घडते ना. मंड्याच्या उजाड मुलखात त्या पाण्यावर भात आणि ऊस उभा राहिला.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे इंजिनिअरिंग कॉलेज, कन्नड साहित्य परिषद, चंदनाच्या तेलाचा आणि साबणाचा कारखाना, भद्रावतीचा लोखंडाचा उद्योग अशा अनेक संस्थांची पायाभरणी त्या सहा वर्षांत झाली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला. १९१५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

त्यांच्या दिवाणगिरीचा शेवट मात्र मतभेदात झाला. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना पुरेसा वाटा मिळावा, यासाठी महाराजांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नेमणुका परीक्षेतील गुणवत्तेवरच व्हाव्यात, असे विश्वेश्वरय्यांचे ठाम मत होते. ते सोडण्यापेक्षा त्यांनी पद सोडणे पत्करले. त्यांच्या सचोटीविषयी विरोधकांनाही संशय नव्हता. तरीही आज मागे वळून पाहताना येथे त्यांच्या दृष्टीची मर्यादा जाणवल्याखेरीज राहत नाही. पाटाच्या तोंडाशी बसलेल्याला आधी पाणी मिळते आणि शेवटाकडचा कोरडा राहतो, हे ज्यांनी दख्खनच्या शेतात पाहिले आणि त्यासाठी नियम केला, त्यांना शिक्षणाच्या आणि नोकरीच्या पाटावर तोच नियम लागू पडतो, हे पटले नाही. महाराजांना ते पटले, आणि म्हैसूरने पुढे तोच मार्ग धरला. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना हे वळण टाळून पुढे जाणे त्या चरित्राला न्याय देणारे होणार नाही.

दिवाणपद सुटल्यावर त्यांच्यापुढे चार दशकांहून अधिक आयुष्य होते. १९२३ ते १९२९ या काळात त्यांनी भद्रावतीच्या कारखान्याची घडी बसवली. १९३४ मध्ये हिंदुस्थानच्या नियोजित अर्थव्यवस्थेविषयी पुस्तक लिहिले. पंचवार्षिक योजना तेव्हा फार दूर होत्या. हेसरघट्ट्याचा आटलेला साठा आणि वाढते शहर यांचा मेळ घालण्यासाठी तिप्पगोंडनहळ्ळीची योजना याच काळात आकाराला आली. चिकपेटेच्या अरुंद गल्ल्यांत जमिनीखालून गेलेल्या वाहिन्यांना किती वळणे घ्यावी लागली असतील, हे त्या गल्ल्या पाहणाऱ्याला सांगायला नको. पेठेतील घराघरांत पाणी पोहोचले ते त्या सर्व वळणांचा हिशेब कुणीतरी आधी मांडला होता म्हणून.

१९५५ मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न देऊन गौरवले. ताठ देह, पांढराशुभ्र फेटा, नीटनेटका पोशाख आणि मिनिटाचीही चूक न होऊ देणारे वेळापत्रक, ही त्यांची मूर्ती अखेरपर्यंत तशीच राहिली. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले. मुद्देनहळ्ळी या त्यांच्या जन्मगावी त्यांची समाधी आहे. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्यामागून नळांचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. कोकणच्या किनाऱ्यावरील दाभोळपासून सह्याद्री ओलांडून बंगळूरपर्यंत सुमारे १००० किलोमीटर लांबीची नैसर्गिक वायूची वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. बंगळूरमधील अनेक स्वयंपाकघरांत आता वायूही नळाने येतो. वायूच्या नळात अडचणीचे रूप उलटे असते. पाण्याच्या नळात उंचवट्यावर हवा अडकते, तर वायूच्या नळात खोलगट जागी द्रव साठण्याचे भय असते. वायू हलका आणि वेगवान. त्याच्याबरोबर द्रवाचे थेंब असले तर ते जड असल्यामुळे वळणावर वायूबरोबर वळू शकत नाहीत, बाहेरच्या भिंतीवर आदळतात आणि तिच्यावर पातळ थर धरतात. वेग पुरेसा असेल तर तो थर पुढे सरकतो. वेग कमी पडला की द्रव मागे घसरून उताराच्या तळाशी डबके करतो, वायूची वाट अरुंद होते, आणि कोंडलेला वायू कधीकधी तो सगळा द्रव एका गोळ्यासारखा पुढे फेकतो. अशा धक्क्याने यंत्रे मोडू शकतात. म्हणून नळात घालण्याआधी वायू कोरडा करतात आणि नळाच्या पोटातून पिग नावाचे साधन फिरवून तो अधूनमधून झाडून काढतात. पांझरेच्या पात्रात वाळू जे करीत होती, तेच येथे द्रव करतो. साधने बदलली, वळणाचा कायदा तोच राहिला.

ज्या शाळेचा हा हीरकमहोत्सव आहे, तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे शिक्षण मराठीत आणि उपजीविका कन्नड मुलखात झाली. विश्वेश्वरय्यांचे झाले ते याच्या नेमके उलट. तेलुगू घरात जन्मलेला आणि बंगळूरला शिकलेला हा तरुण पुण्यात इंजिनिअर झाला आणि खानदेशातील एका नदीखालून पाणी काढून त्याने आपले काम सुरू केले. त्याला शिष्यवृत्ती म्हैसूरने दिली, विद्या महाराष्ट्राने दिली, आणि त्या दोन्हींचे फळ पांझरेच्या, मुठेच्या, मुसीच्या आणि कावेरीच्या काठच्या लोकांनी सारखेच घेतले. मुलाला परगावी शिकायला धाडताना आजचे पालक ज्या काळजीत असतात, त्याच काळजीने १८८१ च्या सुमारास एका विधवा मातेने आपला मुलगा पुण्यास पाठवला होता. त्या मुलाने बांधलेल्या वाटांनी आजही पाणी वाहते आहे.